लाडावलेलं शेवाळ

ओहोटी लागली की शेवाळमावशी खडकांवर चढायच्या आणि लाल शेवाळ खरवडून प्रयोगशाळेत नेऊन द्यायच्या. उन्हापासून वाचायला हे शेवाळ स्वतःच्या अंगातच एक द्रव्य तयार करतं. त्यापासून समुद्राला अपाय न करणारं सनस्क्रीन बनवायचं होतं. बावीस वर्षं मावशींचं घर याच कामावर चाललं.

मग प्रयोगशाळेने ते शेवाळ टाक्यांत वाढवायला घेतलं. हे जमलं की आपलं काम संपलं, हे मावशींना पक्कं ठाऊक होतं. पण शेवाळ वाढलं भरघोस आणि द्रव्य निघालं नावालाच. तिथल्या हैराण झालेल्या संशोधक मॅडमनी मावशींना टाकीपाशी नेलं, चक्क खुर्ची दिली आणि विचारलं, "मावशी, तुम्हीच सांगा, असं का होतंय?"

मावशींनी शेवाळ बोटांत चोळून पाहिलं. "लाडावलंय हो हे! सदा पाण्यात, वर छप्पर. मी आणते ते खडकावर कोरडं पडून भाजून निघतं. यालाही रोज जरा भाजा."

मॅडमनी टाक्यांवर प्रखर दिवे लावले, दुपारी पाणी काढायला सुरुवात केली. दोन महिन्यांत द्रव्य मिळू लागलं आणि मावशींना 'आता येऊ नका' असा निरोप आला.

"अहो आई, गप्प बसायला काय झालं होतं?" सून कडाडली. "स्वतःच्याच पोटावर पाय दिलात!"

"कळत होतं गं," मावशी म्हणाल्या. "पण इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं."