मारुतीच्या माळेतल्या अळ्या

चिंधा मूळचा खानदेशचा. सिल्वासाला आला, चौदा वर्षं कारखान्यात सुताच्या मशिनीपुढे उभा राहिला आणि मग आमलीतल्या मराठी शाळेत शिपाई झाला. माणूस भारी बडबड्या, पण मातीत हात घातला की एकदम गप्प.

तेजस्विनीबाईंनी शाळेमागच्या पडीक तुकड्यात इथलीच झाडंझुडपं लावायची टूम काढली. पाखरं यावीत, फुलपाखरांनी संसार मांडावा, हा बेत. खड्डे अर्थात चिंधाने खणले. त्यात रुईची रोपं बघून तर गडी खूश झाला.

"बाई, मारुतीची सोय केली तुम्ही!"

बाईंना वाटलं, गंमत करतोय. तिथेच घोटाळा झाला.

मुख्याध्यापक प्रभाकर सरांना ते रान डोळ्यांसमोर नको होतं. "दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एक तरी फुलपाखरू इथे जन्मू दे. नाहीतर पेव्हर ब्लॉक!" इतक्या वर्षांनी चिंधाच्या हातून काही उगवलं होतं, आणि त्यावर म्हणे ब्लॉक!

फुलपाखरं तर यायची. रुईच्या पानांखाली अंडी घालायची. पोरं भिंगातून मोजायची आणि सोमवारी बघावं तर अंडी गायब!

"पाखरं खात असतील, बाई," चिंधा हळहळायचा. आणि हाच बाबा दर शनिवारी पहाटे तिथलीच कोवळी पानं खुडून मारुतीला माळ घालत होता! डोळ्यांना चष्मा नाही, मनात शंका नाही.

एका रविवारी देवळातले विश्वनाथ गुरव तणतणत त्याच्या खोलीवर आले. "चिंध्या, देवाच्या अंगावर अळ्या सोडल्यास लेका!"

चिंधा धावला. मारुतीच्या खांद्यावर तीन पट्टेरी अळ्या निवांत माळ खात बसलेल्या.

"अरे माझ्या कर्मा! चोर मीच की!"

त्याने माळ अळ्यांसकट अलगद उतरवली आणि हात जोडले. "देवा, तू ब्रह्मचारी माणूस, तुला लेकरांचा व्याप काय ठाऊक! शाळेची पानं आता यांची. तुला रस्त्याकडची आणीन, नीट बघून." तणतणणारे गुरवसुद्धा खो खो हसले.

अळ्या पुन्हा रुईवर गेल्या. खा खा खाल्लं त्यांनी! मग कोश लटकले, आणि चिंधा दिवसातून दहादा तिकडे फेऱ्या मारू लागला.

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मधली सुट्टी संपली तरी घंटा होईना. सर तावातावाने शाळेमागे आले. "चिंधा, झोपलास काय?"

चिंधा जागचा हलला नाही. त्याच्या बोटावर केशरी फुलपाखरू ओले पंख वाळवत बसलं होतं. भोवती पन्नास पोरं, माना पुढे काढून. चिंधाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण पुसणार कसं?

सरांनी वाकून ते फुलपाखरू बघितलं. मग त्यांनी ब्लॉकवाल्याला फोन लावला, हळू आवाजात "नकोत" म्हणाले, आणि स्वतःच जाऊन घंटा दिली.