दाजींच्या घरात परके कुलूप

दिनांक ७ जून रोजी माझ्या ताईने दोनशे पासष्ट रुपयांना एक कुलूप विकत घेतले. यात सांगण्यासारखे एवढेच, की तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, गेली तीस वर्षे कुलपांचा आणि किल्ल्यांचाच धंदा करतात. त्यांच्या दुकानातले प्रत्येक कुलूप त्यांच्या बोटांना पाठ, म्हणून तिने हे मुद्दाम पलीकडच्या रस्त्यावरच्या त्यांच्या वैऱ्याकडून आणले.

कारण साखर. दाजींचे हर्नियाचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि मधुमेह जुना. साखर चढली तर जखम भरणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. तरी घरी आल्याच्या पहिल्याच दुपारी दाजींनी टाक्यांवर हात धरून स्वयंपाकघर गाठले आणि बिस्किटांचा अर्धा पुडा फस्त केला. संध्याकाळी साखर मोजायच्या मशीनने तीनशेच्या वर आकडा दाखवला. ताईने साखर, मध, बिस्किटे, भेटायला येणाऱ्यांनी आणलेली फळेसुद्धा लाकडी कपाटात कोंबली आणि ते कुलूप लावले.

दाजींना साखरेपेक्षा कुलपाचे दुःख जास्त. "अगं, लोक काय म्हणतील? डॉक्टरच्या घरी वैदूचं औषध!"

मी एका कंपनीत हिशेब पाहतो. निवृत्ती जवळ आली आहे, शिल्लक रजा वाया जाऊ नये म्हणून राखणीला बसलो. ताई रक्ताचा रिपोर्ट आणायला निघाली. दाजींना इन्सुलिन टोचून, पुढ्यात ताट ठेवून ती मला म्हणाली, "हे नाटक करतील. काल चक्कर आल्याचं सोंग करून बिस्कीट उकळलं माझ्याकडून. तू विरघळू नकोस."

ती जाताच दाजींनी ताट सरकवले. "ते कुलूप निघेपर्यंत अन्नाला शिवणार नाही. उपोषण!"

"दाजी, इंजेक्शन घेतलंय तुम्ही. जेवा मुकाट्याने."

"नाही म्हणजे नाही."

भूक लागली की येतील ताळ्यावर, असा हिशेब करून मी पेपर उघडला. बऱ्याच वेळाने आवाज आला, "अहो कारकून, हात कापताहेत."

"छान. कालच्यापेक्षा सुधारणा आहे."

"घाम फुटलाय."

"तोही जमलाय."

दाजी उठले. हत्यारांच्या पिशवीतून एक तार काढून कपाटापाशी गेले. मी अडवायला गेलो आणि थबकलो. दिवे गेलेले असताना चाचपून कुलूप उघडणारा हा माणूस; पण तारेचे टोक भोकाच्या भोवती नुसते भिरभिरत होते. दाजींनी बाकी कसलेही सोंग केले असते. कुलपापुढे हरण्याचे केले नसते.

मी मशीन आणले. आकडा चोपन्न. उपाशीपोटी इन्सुलिनने साखर पार खाली ओढली होती.

जेवण पचेपर्यंत थांबण्याची वेळ नव्हती, साखर तातडीने हवी होती. किल्ली ताईकडे. तिला फोन लावला, तो स्वयंपाकघरातच वाजला. समोरचे शेजारी कामावर गेलेले.

"तारेने कसं उघडायचं ते सांगा मला!"

"तुम्हाला? जन्म जाईल." दाजी खुर्चीत कलंडले. "बिजागरी... बिजागरीचे स्क्रू काढा. सगळे मेले कुलपाकडेच बघतात."

आयुष्यात मी पेन्सिलीखेरीज कोणतेही हत्यार चालवलेले नाही. तरी त्यांच्या पिशवीतला स्क्रूड्रायव्हर घेऊन भिडलो. दार कुलपाला लटकून कलले, फटीतून हात घालून डबा ओढला आणि पाण्यात तीन चमचे साखर ढवळून पाजली. पाव तासाने आकडा ब्याण्णव झाला. मग दाजींनी स्वतःच ताट ओढले आणि उपोषण भातासकट संपवले.

ताई आली तेव्हा दार लोंबत होते, कुलूप शाबूत होते. मशीनमधला चोपन्नचा आकडा पाहून ती दाजींवर उसळली. "उपाशीच राहायचं होतं तर सुई टोचायच्या आधी सांगायचं होतं! आणि तू रे? हे इथे गार पडेपर्यंत पेपर वाचत होतास?"

"अग्रलेख मोठा होता आज," दाजी म्हणाले.

ताई हसली नाही. तिने डॉक्टरांना फोन केला. मग पदराने डोळे पुसत माझ्याकडे वळली. "ग्लुकोज यांच्या उशाशीच ठेवायचं म्हणताहेत. जा, घेऊन ये."

मी औषधांच्या दुकानातून डबा आणला. दाजींनी झाकण उघडून वास घेतला आणि पुन्हा लावले. "याला चवच नाही. हे चोरून कोण खाणार?"

टाके पुढच्या आठवड्यात निघाले, जखम कोरडी होती. ग्लुकोज घेताना माझ्याकडे सुटे नव्हते. दुकानदाराचे चार रुपये मी देणे लागतो.