बिनइंजिनाचा तीन नंबर

भाईदास महाजनाची जीप मेली ही बातमी उधन्याच्या स्टँडवर भाईदासच्या आधी पोचली. भेस्तानच्या पुढे इंजिनात असा काही आवाज झाला की मागच्या बाकावरच्या बाईने रामाचं नाव घेतलं. धूर निघाला, तेल सांडलं. मागून छगनची जीप येतच होती. छगनने भाईदासच्या साऱ्या सवाऱ्या आपल्या गाडीत कोंबल्या, शेवटी भाईदासकडे बघून, "तमे बेसो, भाईदासभाई, हवा खाओ," असं म्हणाला आणि निघून गेला. स्टँडवर उतरताच त्याने चहावाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला म्हणतात. खरंखोटं छगन जाणे. पण कोणी चहाला नाही म्हटलं असं काही ऐकिवात नाही.

हे शहाण्णव सालचं. सुरतेच्या अंगाला, उधना ते सचिन गाव, अकरा जीपगाड्या चालत. सचिनच्या कारखान्यांत पाळीला जाणारी माणसं भरायची, सोडायची, परत लायनीत लागायचं. प्रत्येक गाडीला पक्का नंबर होता. श्रीरंग नावाचा एक वाळकुडा म्हातारा चहाच्या टपरीला टेकून बसे. त्याच्यामागे पत्र्याच्या पाटीवर खडूने अकरा नावं लिहिलेली असत. पाटीवर नाव असलं तर तुम्ही ड्रायव्हर. नसलं तर रस्त्याच्या कडेला चोरून सवारी उचलायची, पोलीस दिसला की पळायचं. बारावं नाव पाटीवर कधी चढत नसे. भाईदासचा नंबर तिसरा. घरात सहा तोंडं होती, आणि ती सहाही त्या तीन नंबरावर जेवत.

आता या स्टँडचा कायदा ऐका. महिन्यात तीन खाडे झाले की नंबर कायमचा कटला. सकाळी सहाच्या आत गाडी लायनीत नसली की खाडा. कारण विचारायचं नाही, रडगाणं ऐकायचं नाही. कायदा केला कोणी? भाईदासनेच. टेबलावर मूठ आपटून. टेबल नव्हतं, छगनच्या बॉनेटवर आपटली आणि पोचा पाडला. छगन तो पोचा अजून दाखवतो.

आणि भाईदासचे त्या महिन्यात दोन खाडे झालेले होते. एक गावाकडच्या, अमळनेरच्या लग्नाचा. दुसरा, त्याच खाड्यावरून श्रीरंगशी भांडून घरी रुसून बसला होता त्याचा. आपणच केलेल्या कायद्यावर रुसणारा माणूस उभ्या खानदेशात तो एकटाच असावा.

हिलाल मिस्त्रीने जीपच्या पोटात डोकं घातलं आणि बाहेर काढलं.

"बोअर गेला. इंजिन उतरवायचं, लेथवर पाठवायचं. तिथे रांग आहे. आठ दिवस."

"आठ? हिलालभाऊ, मला उद्या सहाला लायनीत लागायचंय."

"मग आत बस आणि पाय मार."

भाईदासने जरा विचार केला. "इंजिन तू ठेव. गाडी मी नेतो."

हिलालच्या हातातला पाना तसाच राहिला. "वीस वर्षं झाली मला. लोक गाडी ठेवून घरी जातात. इंजिन ठेवून गाडी नेणारा तू पहिला." त्याने इंजिन उतरवलं, हातगाडीवर घालून लेथवाल्याकडे धाडलं, आणि जीपचं बॉनेट सुतळीने घट्ट बांधून दिलं. सुतळीचे पैसे मात्र त्याने तिथल्या तिथे मागितले.

घरी भाईदासने बायकोला, उषाबाईला, सांगितलं. मेव्हण्याला, ललितला, बोलावून आणलं. ललित म्हणजे उषाबाईचा धाकटा भाऊ. त्याचीही जीप होती, त्याच स्टँडवर, सात नंबर. तो सात नंबर त्याला कसा मिळाला, हे पुढे येईलच. असल्या गोष्टी दाबून राहत नाहीत.

पहाटे पाचला तिघं गल्लीतून निघाले. भाईदास स्टेअरिंगवर, बहीणभाऊ मागून ढकलताहेत. जुन्या जिपा धक्क्यानेच सुरू होत, त्यामुळे कोणाला नवल वाटलं नाही. "इंजिन रात्रीतून दुरुस्त झालं, फक्त सेल्फ गेलाय," भाईदासने स्टँडवर जाहीर केलं. नंबर आला की तो कपाळाला हात लावी, "डोकं दुखतंय, दुसऱ्याला जाऊ द्या," म्हणे, आणि जीप ढकलत शेपटीला नेई. ललित आपल्या गाडीवर गेलेला असे. मग ढकलायला उषाबाई. दिवसाला सात-आठ वेळा लायन पुढे सरके, आणि सात-आठ वेळा उषाबाई पदर खोचून उठे. तिला कोणी हातभार लावला नाही. का लावतील? बाकीचे ड्रायव्हर टपरीवर बसून बिडी ओढत तिची ढकलाढकली बघत, आणि एकजण तरी रोज विचारी, "काय भाईदास, डोकं अजून दुखतंय का?"

"तुझ्यासारखं रिकामं नाही, म्हणून दुखतं," भाईदास म्हणे. खाली उतरून बायकोला हात द्यावा, हे मात्र त्या भरलेल्या डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या दिवशी घात झाला. उषाबाईने एका हातात चहाची किटली धरली होती आणि दुसऱ्या हाताने जीप ढकलत होती. शेपटीकडच्या सपाटीवर जीप आपली रिकाम्या डब्यासारखी डुलत डुलत पुढे चाललेली. छगन टपरीवरून उठला. सुरती माणूस शिव्या देत असतो तोवर भिण्याचं कारण नसतं. छगन गप्प झाला होता. तो सरळ गेला, सुतळी तोडली आणि बॉनेट उघडलं.

आत इंजिनाच्या जागी एक गोणपाट अंथरलेलं होतं. त्यावर भाकरीचा डबा, पाण्याचा लोटा आणि फडक्यात बांधलेले दोन कांदे.

स्टँड असा हसला की पलीकडच्या दवाखान्यातली माणसं खिडकीत आली. श्रीरंगला ठसका लागला. "अरे, ही जीप आहे का फडताळ?"

"कायदा काय सांगतो?" भाईदास ओरडला. "गाडी सहाच्या आत लायनीत पाहिजे. आहे की नाही? इंजिनाचं कायद्यात कुठे लिहिलंय?"

श्रीरंग पाटीवरून नाव पुसायला उठलाच होता. छगनने त्याचा हात धरला. "आज नको, काका. उद्या. उद्या एक पाहुणा येणार आहे."

पाहुणा म्हणजे दगा.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला दगाची जीप स्टँडवर येऊन उभी राहिली, दोन वर्षांनी. दगाचा पूर्वी सात नंबर होता. त्याचा एक्सल तुटला, दोन खाडे पडले, तिसऱ्या दिवशी त्याने ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडून तुटकी जीप ओढत लायनीत आणून लावली. तेव्हा भाईदास म्हणाला होता, "चालत नाही ते भंगार. भंगाराला नंबर नसतो." नंबर कटला, आणि आठवड्यात त्या जागी ललितचं नाव चढलं. तेव्हापासून दगा बारडोलीच्या रस्त्यावर पोलिसांच्या नजरा चुकवत सवाऱ्या उचलत होता.

दगा खाली उतरला. भाईदासच्या जीपभोवती त्याने एक चक्कर मारली, बॉनेटवर बोटाने टकटक केलं. पोकळ वाजलं.

"माझ्या गाडीत इंजिन तरी होतं," तो म्हणाला.

श्रीरंगने हातात ओला कपडा घेतला. "भाईदास, आता तूच सांग. बंद गाडी लायनीत धरायची का नाही? नाही म्हणालास तर तुझा तीन नंबर आत्ता पुसतो. हो म्हणालास तर दगावर अन्याय झाला. त्याचा सात त्याला द्यावा लागेल."

सगळे ललितकडे बघायला लागले. ललित भाईदासकडे. उषाबाई जीपच्या मागे होती, दोन्ही हात अजून पत्र्याला टेकलेले.

"दाजी," ललित हळूच म्हणाला, "पहाटे पाचला उठून ढकललीय मी. चार दिवस."

भाईदासने खाली बघितलं, पाटीकडे बघितलं. बायकोकडे बघितलं नाही. "धरायची," तो म्हणाला. "बंद गाडी धरायची."

"मोठ्याने," छगन म्हणाला. "मागे ऐकू नाय आवतुं."

"धरायची!"

श्रीरंगने सातव्या ओळीवर ओला कपडा फिरवला. ललितचं नाव गेलं, दगाचं आलं. खडू ओल्या पत्र्यावर नीट उठत नव्हता, म्हणून त्याने दोनदा गिरवलं.

उषाबाई पुढे आली. तिने बॉनेट उघडलं, आतून डबा काढला, लोटा काढला, कांद्याची पुरचुंडीसुद्धा सोडली नाही. गोणपाट तेवढं ठेवलं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, नवऱ्याला तिने कधी अरेतुरे केलं नव्हतं. आता सगळ्या स्टँडसमोर केलं.

"मना भाऊना पोटवर पाय दिधा ना? आते तुनी तूच ढकल."

ती ललितच्या जीपमध्ये बसली. ललितने गाडी वळवली आणि दोघं गेले.

तेवढ्यात दोन नंबरची जीप भरून निघाली. लायन सरकायची होती. भाईदासने भोवती बघितलं. टपरीवरचे सगळे आपापल्या चहात बघत होते. त्या दिवशी चहात बघण्यासारखं फार काही असावं. तो दरवाजाशी उभा राहिला, एक हात स्टेअरिंगवर, खांदा चौकटीला, आणि जोर लावला. लायनीच्या तोंडाशी रस्ता जरा चढाचा आहे. हे त्याला चार दिवसांत कळलं नव्हतं; स्टेअरिंगवर बसणाऱ्याला कळतही नाही. जीप वीतभर पुढे गेली आणि दोन वीत मागे आली.

मागून छगनने हॉर्न दिला. त्याच्या मागच्याने दिला. आणि सातव्या जागेवरून दगाने दिला तो मात्र लांबलचक, दोन वर्षांचा साठवलेला.

हिलालने आठ दिवस सांगितले होते. हा चौथा होता, आणि सकाळचे सातही वाजले नव्हते.