म्या कुठं काय खाते?

लोकांच्या घरात शिरून त्यांचं वजन करायचं आणि वर ते कशानं वाढलं हे त्यांनाच विचारायचं, असल्या कामात किस्से शोधावे लागत नाहीत. आपण फक्त काटा जमिनीवर ठेवायचा, किस्सा आपल्या पायांनी त्यावर चढतो. मित्र जमले की मला तेच सांगायला लावतात. मीही आढेवेढे घेत नाही.

आम्ही तिघं. माणसाला लठ्ठपणा का येतो आणि आल्यावर गुडघे, बीपी, साखर यांचं काय होतं याचा अभ्यास करणाऱ्या आमच्या डॉक्टर मॅडम, बायकांशी बोलणारी सुनीता, आणि मोटारसायकलला काटा बांधून हिंडणारा मी. लोहारा तालुक्यातली गावं आमच्याकडं होती.

आमचं गाडं एका वाक्यावर अडलं होतं. ‘काल दिवसभरात काय काय खाल्लं?’ असं विचारलं की अंगानं भरलेली बाईसुद्धा म्हणायची, ‘म्या कुठं काय खाते?’ अभ्यासाला पैसे देणाऱ्या शहरातल्या समितीनं हे जबाब पाहिले आणि मॅडमना सुनावलं, ‘एक तर तुमचा काटा खोटा, नाहीतर बायका खोट्या. काय ते ठरवा, नाहीतर अभ्यास बंद.’ बंद म्हणजे मॅडमची इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात आणि सुनीता न् मी घरी. सुनीताच्या नवऱ्याचं काम नुकतंच सुटलेलं, तिनं तर या गोष्टीची धास्तीच घेतली होती.

*

आधी काटा तपासायचं ठरलं. मी कळंबला काही कामानं गेलो होतो, म्हणून तिथल्या एका आडतीवर काटा घेऊन गेलो. आडत्यानं ज्वारीचं पोतं आधी आपल्या काट्यावर ठेवलं, मग माझ्या. दोन्ही आकडे जुळेनात. त्यानं माझा काटा उलटापालटा करून बघितला.

“ह्यो कुणाच्या बाजूनं दाखवतो?”

“कुणाच्याच नाही. जे आहे ते दाखवतो.”

“मग ह्यो दवाखान्यातच ठेवा,” तो म्हणाला आणि काटा माझ्या हातात दिला.

आडत्याला नको झाला, तिथंच माझा काटा खरा निघाला. म्हणजे आता बायका खोट्या ठरायच्या राहिल्या.

*

पण पुरुष तरी कुठले खरे! एका गावात मोठे बागायतदार होते. मॅडमनी त्यांना गंभीर आवाजात सांगितलं, “काका, तुमचं वजन फार जास्त आहे.” काका असे खुलले की त्यांनी लगेच चहा सांगितला. जाता जाता विचारलं, “आमच्या चुलतभावाचं किती भरलं?”

दुसऱ्याचं वजन आम्ही सांगत नाही. पण तो चुलतभाऊच ओसरीवर बसला होता. त्यानं आपणहून सांगितलं, आणि ते काकांपेक्षा थोडं जास्त होतं. काका आत गेले. तांब्याभर पाणी पिऊन मिशा पुसत बाहेर आले आणि पुन्हा काट्यावर उभे राहिले.

“आता बगा. भावकीत आमी आजवर कमी भरलो न्हाय.”

मॅडमनी त्यांना हृदयविकाराचा धोका समजावला. काकांनी तो नीट ऐकून घेतला आणि विचारलं, तो चुलतभावापेक्षा आपल्याला जास्तच आहे ना.

*

कंबर मोजताना वेगळीच अडचण. टेप पोटाला टेकला रे टेकला की गडी श्वास ओढून पोट पाठीला लावतो. सरपंचापासून पुजाऱ्यापर्यंत सगळे एकजात. मॅडम म्हणायच्या, “सैल सोडा, सैल सोडा.” सैल सोडतो कोण?

यावर तोडगा सुनीताचा. बायकांची मापं ती घ्यायची, पण पुरुषांचं माप मी घेत असताना बाजूला उभी राहून सहज विचारायची, “दादा, तुमच्या गावात नळाला पाणी कवा येतं?”

त्यावर माणूस इतका तळमळून बोलायला लागायचा की सगळा श्वास बाहेर आणि पोट आपल्या मूळ जागी. मी तेवढ्यात टेप वाचायचो. आमच्या अभ्यासातली पुरुषांची मापं अचूक आहेत ती पाणीटंचाईच्या कृपेनं.

*

आनुवंशिकता हा मॅडमचा आवडता विषय. एका घरात सासूबाई, मुलगा आणि नातू असे तिघंही भरभक्कम. सून तेवढी काडी. मॅडमना वाटलं, चला, उदाहरण सापडलं. त्यांनी सासूबाईंना विचारलं, “आजी, हा जाडपणा तुमच्या घराण्यात कुठून आला?”

आजीनं स्वयंपाकघराकडं बोट केलं.

“ही सून आली तवापासनं.”

*

सल्ला द्यायचं कामही आमच्याकडंच होतं. एका निवृत्त गुरुजींची साखर वाढलेली. मॅडमनी त्यांना रोज चालायला सांगितलं. पुढच्या खेपेला गेलो तर वजन आणखी वाढलेलं.

“गुरुजी, चालत नाही का?”

“चालतो की. रोज फाट्यापर्यंत चालतो.”

“फाट्यावर काय आहे?”

“भज्याचं हॉटेल. एवढं चालून गेल्यावर भूक लागतेच ना, मॅडम.”

“आणि परत?”

“परत जीपनं. भरल्या पोटी चालू नये म्हणतात.”

गुरुजी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. फक्त भजी जबाबात सांगितली नव्हती, कारण ती व्यायामाच्या प्रश्नात बसत होती म्हणे.

*

समितीनं शेवटची मुदत दिली तेव्हा मॅडम चिडल्या. म्हणाल्या, “जबाब बस झाले. एका घरात दिवसभर बसू आणि डोळ्यांनी बघू.”

कमलबाईंचं घर निवडलं. वजन भरपूर, गुडघे इतके दुखायचे की उठताना भिंत धरायच्या, आणि जबाब तोच, ‘म्या कुठं काय खाते?’ घरात नवरा, सासू आणि शिकणारी दोन मुलं.

सकाळीच जाऊन बसलो. नवऱ्यानं सगळ्यांना बजावलेलं दिसलं की पाहुणे बघायला आलेत, नीट जेवा. त्यामुळं सगळे शहाण्यासारखे जेवले. पोरांनी भाकरीचा तुकडा ठेवला नाही, सासूबाईंनी वाटीतली आमटी बोटानं पुसून घेतली. आमचीही ताटं घासल्यासारखी, कारण मॅडमचा तो नियमच. कमलबाई वाढत होत्या, आवरत होत्या, पुन्हा चूल पेटवत होत्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटात फक्त चहा गेला होता.

मॅडम अस्वस्थ झाल्या. “मावशी, आज उपास आहे का?”

“न्हाय वो. उपास कशाचा?”

“मग दिवसभर जेवला का नाहीत?”

कमलबाई हसल्या. “रोज कुणाचं ना कुणाचं ताटात ऱ्हातंय. पोरं भात टाकत्यात, ह्ये अर्धी भाकरी ठिवत्यात. टाकून दिलं तर पाप लागंल, म्हणून भांडी घासायच्या आदी तोंडात टाकते. त्याला काय जेवण म्हणायचं व्हय? आज तुमी होता, कुणी काय ठिवलंच न्हाय.”

सुनीतानं माझ्याकडं बघितलं. मला खरंच वाईट वाटलं. समितीला द्यायचं उत्तर आमच्या पुढ्यात उभं होतं आणि ते सकाळपासून उपाशी होतं.

मॅडम उठल्या. टोपल्यातली गरम भाकरी काढली, ताटात भाजी वाढली आणि कमलबाईंना हाताला धरून पाटावर बसवलं. “आता सगळं बाजूला. आधी जेवा.”

कमलबाई अवघडून बसल्या. नवरा, सासू, पोरं, सगळे दारात उभं राहून बघत होते. कमलबाईंनी भाकरी मोडली. अर्धी भाजीबरोबर खाल्ली. मग उरलेली अर्धी ताटाच्या कडेला सरकवून त्या गुडघ्यावर हात ठेवत उठल्या.

“ही ऱ्हाऊ द्या मॅडम. भांडी घासताना खाते.”