दस्तगीरचाचांच्या खोकल्याचा शोध

‘एकही नोंद सापडली नाही.’ संगणकाच्या पडद्यावर तिसऱ्यांदा तेच आलं. शेजारच्या खुर्चीच्या टोकावर दस्तगीरचाचा बसले होते, तोंडावर रुमाल धरून.

“न्हाय म्हणतंय व्हय?”

“म्हणू दे. परत विचारू.”

दोन हजार चार-पाचची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी कंत्राटी सहायक होते. सुटीच्या दिवशी कामगार संघटनेची पत्रकं लिहायची. ग्रंथालयात नुकताच जर्नलचा ऑनलाइन डेटाबेस आला होता. जर्नल म्हणजे संशोधक आपलं काम जिथं छापतात ती नियतकालिकं. डेटाबेस म्हणजे अशा हजारो जर्नलमधल्या लेखांची यादी. शब्द टाकायचा, लेख शोधायचा.

आमच्या संघटनेतले चाचा एकवीस वर्षं फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात होते. खोकला आणि दम सुरू झाला तेव्हा टीबी म्हणून औषधं चालू झाली. दोन कोर्स झाले. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. तरी पुढच्या सोमवारी तिसरा कोर्स सुरू होणार होता. घरी चाचांनी स्वतःच आपलं ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला.

“नात अडीच वर्साची हाय,” ते मला म्हणाले होते. “आज्याला दादा म्हणती, दादा दादा करत पळत येती. आन् मी तिला हाड म्हणतो. कुत्र्याला म्हणावं तसं.”

माझा संशय सिलिकोसिसवर होता. रेतीची बारीक धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात बसते, त्याचा हा आजार. टीबीसारखा तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना मी तसं तावातावानं सांगितलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या पत्रकावरून मी औषध थांबवू? छापील संशोधन आणा.” राग आला. पण बाई चुकीचं बोलल्या नव्हत्या.

म्हणून मी शोधायला बसले होते. सर्च बॉक्समध्ये इंग्रजीतून मी लिहिलं होतं, ‘फाउंड्रीमालकांच्या नफेखोरीमुळे कामगारांच्या आरोग्याची होणारी पिळवणूक’.

ग्रंथपाल देसाई सर मागं येऊन उभे राहिले. चष्मा वर करून त्यांनी ते वाचलं.

“कांबळेबाई, हा दसरा चौकातल्या मोर्चाचा फलक नाही. मशीनला तुमचा संताप कळत नाही. त्याला शब्द द्या. वाक्य नको.”

मी नुसतं ‘सिलिकोसिस’ टाकलं. हजारो लेख. खाणी, दगडफोडे, प्रयोगशाळेतले उंदीर. मग ‘अँड’ लावून ‘टीबी’ जोडलं. ‘अँड’ लावलं की दोन्ही शब्द असलेलेच लेख येतात. तरी ढीग होताच.

“हे कुठं काम करतात?” सरांनी विचारलं.

“फाउंड्रीत.”

“फाउंड्रीत काय करतात?”

मी चाचांकडे पाहिलं. दोन वर्षं मी या माणसावर पत्रकं लिहीत होते. त्यांत ते ‘शोषित कामगार’ होते. दिवसभर नेमकं काय करतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

चाचांनी रुमाल बाजूला केला.

“ओतकाम झालं की माल साच्यातनं भायेर येतोय सायेब. त्याला जळकी रेती चिकटल्याली असती. ती ग्राइंडर लावून घासायची. फेटलिंग म्हणत्यात. पिठाच्या गिरणीत कसं पीठ उडतंय, तसं सगळं तोंडावर.”

“फेटलिंग!” सर म्हणाले. “हा घ्या तुमचा शब्द.”

मी ‘फेटलिंग ऑर फेटलर’ लिहिलं. ‘ऑर’मुळे दोन्हींपैकी एक शब्द असला तरी लेख सापडतो. पुढं ‘अँड सिलिकोसिस’. ढीग एका पानावर आला. वरून दुसऱ्या क्रमांकाचा लेख फेटलिंग कामगारांचाच होता. टीबी समजून उपचार झालेले, प्रत्यक्षात सिलिकोसिस असलेले. मी सारांश मराठीत वाचून दाखवला.

“आरं, हे माजंच हाय की!” चाचा एवढ्या जोरात बोलले की वाचनालयातली सगळी डोकी वर झाली.

पण सारांशच होता. पूर्ण लेखाला कुलूप. आमच्या कॉलेजच्या वर्गणीत ते जर्नल बसत नव्हतं. मी भडकले. छाती कामगाराची, एक्स-रे कामगाराचा, आणि लेख मात्र त्यालाच बंद!

“भडका नंतर,” सर म्हणाले. “खाली लेखकाचा ईमेल आहे. मागा.”

मी दोन पानी पत्र लिहिलं. सरांनी चार ओळी ठेवल्या, बाकी खोडलं. लेख लिहिणाऱ्या परदेशी डॉक्टरचं उत्तर शनिवारी आलं, सोबत पूर्ण लेख.

सोमवारी डॉक्टरबाईंनी तो उभ्याउभ्या वाचायला घेतला आणि बसून संपवला. मग त्यांनी चाचांना पहिल्यांदाच विचारलं, “काम काय करता?” तिसरा कोर्स थांबवला. थुंकी पुन्हा तपासली, नवा एक्स-रे काढला, मिरजेला छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. टीबी नव्हता. सिलिकोसिस होता.

त्यावर औषध नाही. गेलेलं फुप्फुस परत येत नाही. भरपाई मागितली तर मालक म्हणतो, हा माणूस आमच्याकडे कामाला नव्हताच. ते भांडण चालू आहे आणि मी ते सोडणार नाही.

पण मिरजेचा अहवाल आला त्या दिवशी चाचांनी मालकाचं नावही काढलं नाही. डॉक्टरबाईंना एवढंच विचारलं, “नातीला जवळ घिऊ?”

“घ्या की.”

“मांडीवर?”

“मांडीवर घ्या, तुमच्याच ताटात जेवू घाला.”

ते तडक उठले. फाईल, एक्स-रे, मी, सगळं तिथंच सोडून रिक्षा स्टँडकडे निघाले. दम लागला म्हणून दोनदा थांबले, पण वळून बघितलं नाही.

अजूनही लोक मला विचारतात, डेटाबेसमध्ये नीट शोधायचं कसं? अँड आणि ऑर दहा मिनिटांत येतं. ज्याच्यासाठी शोधताय त्याला आधी विचारा, दिवसभर काय करता म्हणून. मला ते विचारायला दोन वर्षं लागली.