कॅप भाऊंकडे जप्त आहेत!

शनवारा चौकाच्या जरा पुढे माझं सीट कव्हरचं दुकान आहे, आणि भिंतीला भिंत लागून प्रभाकरभाऊंचं चाकांचं. मी दिवसभर शिलाई मशीनवर. हात गुंतलेले, पण कान मोकळे! त्यामुळे माझ्याकडे रेक्झिनच्या चिंध्या जेवढ्या साठतात तेवढेच भाऊंचे किस्से साठतात. चिंध्या संध्याकाळी झाडून टाकता येतात, किश्शांचं काय करायचं? म्हणून चहाला जो सापडेल त्याला ऐकवते. आज तुम्ही सापडलात.

आधी ओळख करून देते. भाऊंची खासियत म्हणजे स्पेसर. चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब यांच्यामध्ये बसवायची ॲल्युमिनियमची जाड चकती. तिच्यामुळे चाक थोडं बाहेर येतं, गाडी रुंद दिसते, मालक खूश. पण चकती नीट बसली नाही तर चाक गाडीला रामराम करून एकटंच पुढे निघून जातं! म्हणून भाऊ या कामात देवाचंही ऐकत नाहीत. ते पुढे येईलच.

सोबत त्यांची मुलगी वैशाली. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करून आलेली. हबवरचा गंज घासून काढणं, स्पेसर सपाट बसला की नाही ते बघणं, चाक चढवणं, सगळं तीच करते. फक्त शेवटचे नट भाऊ कसतात. त्यासाठी त्यांच्याकडे टॉर्कचा पाना आहे. हवा तेवढा जोर लागला की तो 'टक्' वाजतो. हा पाना लाल कापडात गुंडाळलेला असतो आणि भाऊ तो कुणाच्या हाती देत नाहीत. वैशालीच्याही नाही.

तिला इंदूरच्या एका वर्कशॉपमधून बोलावणं आलं होतं. मला म्हणाली, "काकू, दिवाळीपर्यंत पाहून राहिली मी. पप्पांनी पाना दिला तर इथंच. नाही तर मी चालली."

तेव्हापासून माझा जीव त्या लाल कापडात अडकला. पोरगी जायला नको होती हो!

*

एकदा एक तरणंबांड गिऱ्हाईक आलं. "भाऊ, एक के ऊपर एक, दो-दो स्पेसर लगा दो. गाडी एकदम चौडी दिखनी चाहिए!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "पायात दोन चपला घाल. एकीवर एक. तशाच घालून पानाच्या टपरीपर्यंत जाऊन ये. आलास तर लावतो."

माणूस इतका हट्टी, की त्याने माझ्या दारातल्या चपला उचलून खरंच घातल्या! टपरीच्या अलीकडेच आडवा झाला. उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "भाऊ, एकच लावा."

माझ्या चपलेचा अंगठा तुटला तो तुटलाच. पण शिकवण्याची ही पद्धत मला फार आवडली.

*

भाऊंचा सगळ्यात प्रसिद्ध नियम कॅपचा. स्पेसर बसवल्यावर गाडी थोडी चालली की नट किंचित ढिले पडू शकतात. म्हणून शाहपूर गावापर्यंत चक्कर मारून यायचं आणि नट पुन्हा तपासून घ्यायचे. पण एकदा गाडी हातात आली की आपल्याकडे कोण परत येतो? त्यावर भाऊंनी तोड काढली. चाकाच्या मधोमध जी गोल कॅप असते ना, ती चारही चाकांची काढून कपाटात कुलूपबंद! परत या, तपासून घ्या, कॅप घेऊन जा.

त्यामुळे गावात मधोमध बोडकी चाकं दिसली की लोक समजतात, गाडी भाऊंकडची आहे आणि मालक आळशी आहे.

एका लग्नात नवरदेवाची गाडी अशीच बोडकी आली. मुलीकडच्या बायकांची कुजबुज सुरू झाली. नवरदेवाचा बाप घामाघूम. शेवटी तो व्याह्यांजवळ जाऊन हळूच म्हणाला, "गाडी चांगली आहे हो, फक्त कॅप प्रभाकरभाऊंकडे जप्त आहेत."

व्याह्यांनी त्याला मिठीच मारली. "मग आमची गाडी पहा ना! ती मंडपामागं कशाला लपवली म्हणता?"

*

आता देवाचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी एका गृहस्थांची गाडी कामाला होती. वैशालीने हब घासून आरशासारखा केला आणि ती स्पेसर आणायला आत गेली. तेवढ्यात त्यांनी खिशातून पुडी काढली आणि त्या चकचकीत हबवर ओल्या हळदी-कुंकवाची पाच बोटं उमटवली. वर अक्षता चिकटवल्या! मनोभावे हात जोडले.

भाऊंनी पाहिलं. लगेच फडकं घेतलं आणि सगळं पुसून काढलं. गृहस्थ घाबरले. "भाऊ, देवाला राग यील ना!"

"देव समजून घेतो. नट घेत नाही. चकतीखाली तांदळाचा दाणा राहिला तर चाक सपाट बसनार नाही. पूजा करायची तर बोनटची करा."

तेच गृहस्थ मग उत्साहात पाना मागायला लागले. "निदान शेवटचा नट तरी माझ्या हातानं कसतो!"

"नाही. ज्याची गाडी त्यानं पाना धरायचा नाही. मालकाला घाई असते. घाईत 'टक्' वाजायच्या आधीच ऐकू येतं."

हे वाक्य मी मशीन थांबवून ऐकलं होतं. भाऊ असे नियम सांगतात तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटतं, आणि वैशालीला पाना देत नाहीत तेव्हा तोच पाना त्यांच्या डोक्यात घालावासा वाटतो.

*

जसोंडीचे एक केळीवाले शेतकरी आहेत. त्यांना स्पेसर बसवून दिल्यावर भाऊ म्हणाले, "रिकाम्या गाडीत टायर मडगार्डला घासत नाही, भरलेल्या गाडीत घासतो. उद्या घरचे सगळे बसवून आणा. वजनासकट तपासू."

दुसऱ्या दिवशी गाडी आली, ती छतापर्यंत केळीच्या घडांनी भरलेली! ड्रायव्हरच्या सीटवर हे कसेबसे कोंबलेले.

"अहो, माणसं कुठं आहेत?"

"भाऊ, घरच्यांना घेऊन मी वर्षातून एकदा निघतो. केळी रोज ऱ्हायते!"

भाऊंनी स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवायला लावलं. डावीकडे टायर घासला. त्यांनी तिथल्या तिथे स्पेसर उतरवले आणि चाकं पहिल्यासारखी चढवून दिली. हातचं काम सोडायला छाती लागते, ती भाऊंकडे आहे.

*

वैशालीही काही कमी नाही. एक पोरगा स्पेसर बसवून गेला आणि माझा एक कप चहा संपेपर्यंत परत हजर. "शाहपूर जाके आ गया. कॅप दे दो दीदी."

वैशालीने टायरला हात लावला. "टायर थंडगार आहे. शाहपूरचा रस्ता काय फ्रिजमधून जाऊन राहिला?"

अख्खी गल्ली हसली. पोरगा गाडी वळवून खरंच शाहपूरला गेला. त्या दिवशी पहिल्यांदा भाऊंनी स्वतःच्या हाताने चहाचा कप तिच्यापुढे ठेवला. पाना मात्र लाल कापडातच! आणि दिवाळी तोंडावर आली होती. वैशालीने बॅग माळ्यावरून काढली होती, हे मला तिच्या आईकडून कळलं.

*

त्याच आठवड्यात भाऊंनी स्वतःसाठी गाडी घेतली. जन्मभर स्कूटरवर फिरलेला माणूस! जुनीच, पण नीटनेटकी. तिला स्पेसर लावायचे ठरले. वैशालीने हब घासले, चकत्या बसवल्या, चाकं चढवली आणि सवयीने बाजूला सरकली.

भाऊंनी लाल कापड उलगडलं, पाना घेतला, चाकापुढे उकिडवे बसले. आणि तसेच बसून राहिले.

मी मशीन बंद केली. पानवालाही टपरी सोडून दारात आला. भाऊ उठले. गाडीकडे पाहिलं, पान्याकडे पाहिलं.

"ज्याची गाडी त्यानं..." एवढंच म्हणाले आणि पाना वैशालीपुढे धरला.

तिने पाना घेतला. समोरासमोरचे नट धरत, एकेक करून कसले. टक्. टक्. टक्. भाऊ डोळे मिटून ऐकत होते. माझं म्हणाल तर पदर भिजला होता.

सगळं झाल्यावर भाऊ किल्ली फिरवत म्हणाले, "चला, कॅप लावा. घरी जातो."

वैशालीने चारही कॅप उचलल्या, कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "आधी शाहपूर."

भाऊ बोडकी चाकं घेऊन निघाले. पण गाडी चौकातच अडकली आणि सगळ्यांनी त्यांना घेरलं. ज्यांच्या ज्यांच्या कॅप आजवर जप्त झाल्या होत्या ते सगळे खिडकीशी! हसून हसून बेजार.

"काय भाऊ, तुमच्याच कॅप? कोणी घेतल्या?"

भाऊंनी काच पूर्ण खाली केली आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं सांगितलं, "दुकानाच्या मालकिणीनं!"