तेरवीपर्यंत बंद

दिवाकरदादा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही दोघं भांडलो. वर्ध्याच्या दवाखान्यात, त्याच्या हाताला सलाईन, आणि मी शेजारच्या स्टुलावर. लोकांच्या शेवटच्या भेटीत हात हातात असतात, डोळ्यांत पाणी असतं... आमच्यात तसलं काही नव्हतं. मी त्याला मशीनच्या प्रोग्रॅमचं कुलूप उघडणारा आकडा विचारत होते आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. "स्क्रीनवर बॅटरीची खूण लुकलुकून राह्यली, दादा," मी म्हटलं. "बदलू म्हटलं तं तू हात लावू देत नाई. निदान आकडा तं सांग." त्यावर तो हसला. "मी काय मरून राह्यलो का? घरी आलो का पाहू." सकाळी वहिनीचा फोन आला. मला रडू यायच्या आधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

सेलूला, दादाच्या घरामागे, आमचं वर्कशॉप आहे. त्यात एक सीएनसी लेथ, म्हणजे भरलेल्या आकड्यांच्या हुकमावर लोखंड कातणारी मशीन. पुण्याकडच्या कुण्या कारखान्याने काढून टाकलेली ती दादाने आणली आणि तिच्यावर कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांचे शाफ्ट आणि बुश करू लागला. ऐन हंगामात शाफ्ट मोडला की जिनिंग उभी राहते, म्हणून सगळे त्याच्याकडे धावायचे. हातही होताच तसा. मशीनकडे पाठ करून बसलेला असला तरी आवाजावरून सांगायचा, टूलची धार गेली. थांबवून बघावं, तर गेलेलीच असायची. हे कौतुक मी करते, कारण ते खरं आहे. पण माणूस कंजूष होता. पैशाचा नव्हे, विद्येचा.

मी आयटीआय झालेली, त्याची सख्खी धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून माझं सासर. मला त्याने कामावर ठेवलं ते जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लावायला, काढायला आणि हिरवं बटन दाबायला. नव्या जॉबची सेटिंग करायची, टूल कुठून निघून कुठवर जाणार ते आकडे भरायचे, अशी वेळ आली की म्हणायचा, "शोभे, चहा घेऊन ये." मी कप घेऊन येईस्तोवर आकडे भरून झालेले आणि स्क्रीनवर भलतंच पान. मशीनला तेल लागलं नसेल एवढा चहा मी त्या वर्कशॉपात वाहिला. याला कारण होतं, नाही असं नाही. सुरुवातीला त्याने सुरेश नावाच्या एका कारागिराला मन लावून शिकवलं होतं. तो शिकला आणि रस्त्याच्या पलीकडे स्वतःची मशीन टाकून बसला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, आमचा दादा पाणीसुद्धा फुंकायला लागला. मशीन दुरुस्त करायला येणारा इंजिनियर दर वेळी सांगायचा, सगळ्या आकड्यांची एक कॉपी काढून ठेवा. दादा म्हणायचा, "कॉपी म्हंजे चोरीले आवतन."

एकदा तो समुद्रपूरला लग्नाला गेला असताना मी हिंमत केली आणि एक जॉब स्वतः लावला. दहाच्या पुढे टिंब द्यायचं राहून गेलं. टिंब नसलं की ती मशीन दहा मिलिमीटर समजत नाही, दहा मायक्रॉन समजते. टूल मागे सरकायला हवं होतं, ते केसभरही सरकलं नाही, टूल बदलायला तसंच फिरलं आणि जॉबवर आदळून मोडलं. दादाने परत आल्यावर पाहिलं. ते मोडकं टूल सुतळीने दारावर टांगलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला दाखवत राहिला, "हे माह्या बहिनीचं शिक्षन." लोक हसायचे. मी मान खाली घालून जॉब पुसायची.

आमच्याकडे मरण झालेल्या घरी तेरवीपर्यंत धंद्याला हात लावत नाहीत. मीही लावणार नव्हते. मी फक्त सोयऱ्याधायऱ्यांना सांगितलं होतं की मशीन नुसती चालू राहू द्या. कारण बंद असताना तिची सगळी आठवण त्या एका बॅटरीवर टिकते, आणि बॅटरी मरायला टेकली होती. नवी नागपूरहून आणायची, आणि तीही मशीन चालू असतानाच बसवावी लागते. माणसांनी माना डोलावल्या. वहिनीला सांगायचं कुणालाच सुचलं नाही. ती मागच्या खोलीत पडलेली असायची आणि भिंतीपलीकडून मशीनच्या पंख्याची घरघर तिला ऐकू यायची. "मानूस गेला, अन् हे काऊन घुमून राह्यली?" असं म्हणत तिने स्वतः उठून त्या खोलीतूनच वर्कशॉपची मेन खाली ओढली. वर्कशॉपला कुलूप होतं, बघायला कोण जाणार.

तेरवी झाल्यावर मी मशीन सुरू केली. सगळीकडे शून्य. इंजिनियर आला, मशीन बनवणाऱ्यांचे मूळ आकडे भरून गेला. दादाने इतक्या वर्षांत घासून पुसून बसवलेलं जे काही होतं, जे मला एकदाही पाहू दिलं नाही, ते गेलं. मला आधी हसूच आलं. मग कळलं की हंगाम तोंडावर आहे आणि वहिनीची चूल या मशीनवर पेटते. मी लावलेले पहिले शाफ्ट भंगारात गेले, जिनिंगवाले सुरेशकडे वळले. शेवटी मीही त्याच्याकडेच गेले. "दिवाकरभाऊनंच शिकवलं मले," तो म्हणाला आणि शेजारी उभं करून, एकेक आकडा माझ्याकडून भरून घेत त्याने मला सेटिंग दाखवली. आता माझे शाफ्ट पास होतात.

वहिनीने वर्कशॉपात दादाचा फोटो लावला. रोज सकाळी ताजा हार घालायची, मशीनच्या दारावर हात ठेवायची आणि म्हणायची, "त्याईचे आकडे हायेत हिच्यात. जीव हाय." मी बरेच दिवस ऐकून घेतलं. मग एका सकाळी सांगून टाकलं की यात त्याचं काही उरलेलं नाही, मेन बंद झाली तेव्हाच सगळं पुसलं गेलं. या घरात एकाने लपवून ठेवलं तेवढं पुरे झालं, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. तिने मशीनवरचा हात काढून घेतला. मग विचारलं, "बंद केलं का पुसते, हे त्याईले ठाऊक होतं?"

"होतं."

"अन् मले सांगतलं नाई."

एवढंच म्हणाली आणि फुलांची परडी उचलून घरात गेली. त्या दिवसाचा हार अजून फोटोवर आहे. सुकून त्याची पाकळी पाकळी मशीनवर पडते. काम सुरू करण्याआधी मी त्या झाडून टाकते. नवा हार ती आणत नाही, आणि मीही आणलेला नाही.